दूरचा भूगोल

"उत्तर ध्रुवाजवळच्या खाडीशीं आम्हां सातारा-सांगलीकरांस काय कर्तव्य?" असें विद्यार्थी व पालक दोघेही पुसतात.

ती खाडी म्हणजे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांतील, ७९ उत्तर अक्षांशावरील कोंग्सफ्योर्ड. आमच्या कृष्णेचें खोरें वाहत्या पाण्यानें कोरिलें. तेथील खोरें हिमनद्यांनीं कोरिलें, व मागाहून त्यांत समुद्र शिरला. भोंवतालच्या पर्वतांमधून हिमनद्या अद्यापि त्या खाडीस मिळतात. तिच्याच तीरीं २००८ सालीं भारतानें 'हिमाद्रि' हें संशोधनकेंद्र उघडिलें. तिकडील बर्फ वितळण्याचा आपल्या पावसाशीं संबंध कसा व किती, हें शास्त्रज्ञ तपाशीत आहेत.

२०१९ सालीं कृष्णा सांगलीच्या घरांत शिरली. तें ज्यांनीं पाहिलें, त्यांस हा विषय परका वाटूं नये. सबब, 'हें परीक्षेस येणार काय?' असें न पुसतां मुलांसह नकाशा उघडावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.