चहापाण्याचा दर कोण ठरवतं?

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही सात जण अक्राहून व्हॅननं निघालो, टोगो ओलांडून बेनिनला पोचलो. सहा भारतीय, त्यातले चार मराठी, आणि सातवा आमच्याच टीममधला घानाचा सहकारी. पहिल्या संध्याकाळी हॉटेलच्या वायफायवरून एकानं अक्रातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर फोटो टाकले आणि खाली लिहिलं, ‘बॉर्डरवर थोडं चहापाणी दिलं की आफ्रिकेत सगळं होतं.’ त्याखाली धडाधड हसरे चेहरे उमटले. त्यातला एक माझा होता. हा लेख त्या हसऱ्या चेहऱ्याच्या विरोधात आहे.

आधी रस्ता सांगतो. अक्रा ते टोगोची राजधानी लोमे हे अंतर साधारण २०० किलोमीटर. वाटेत सोगाकोपेला व्होल्टा नदीवरचा पूल लागतो, तिथे डोक्यावर पाव आणि तळलेल्या मासळीची ताटं घेतलेल्या बायका गाडीच्या खिडकीशी येतात. पुढे आफ्लाओ. ते संपतं तिथे हद्द, आणि हद्द ओलांडली की लगेच लोमे शहरच सुरू होतं. टोगोचा समुद्रकिनारा जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा, त्यामुळे जेवणं पचायच्या आत बेनिन येतं आणि घड्याळ एक तास पुढे करावं लागतं. एका दिवसात तीन देश. इंग्रजीची फ्रेंच होते, सेडीचा सीएफए फ्रँक होतो. आबिजान ते लागोस या पाच देशांतून जाणाऱ्या हजारेक किलोमीटरच्या हमरस्त्याचा हा मधला तुकडा. आमच्यासाठी तो सुट्टीचा रस्ता होता. बाकी जवळजवळ सगळ्यांसाठी तो बाजाराचा रस्ता आहे. टोमॅटो, कांदे, गारी, सुकी मासळी, कापडाचे तागे, सगळं त्यावरून ये-जा करतं. लोमेच्या ज्या कापडवाल्या बायका मर्सिडीजमधून फिरायच्या म्हणून ‘नाना बेंझ’ म्हणून ओळखल्या गेल्या, त्यांचा पैसाही अशाच व्यापारातून उभा राहिला.

आता कायदा. १९७५ साली लागोसला पश्चिम आफ्रिकी देशांचा आर्थिक समुदाय, म्हणजे इकोवास, स्थापन झाला. १९७९ साली त्यानं मुक्त संचाराचा करार केला. सदस्य देशाच्या नागरिकाला दुसऱ्या सदस्य देशात व्हिसाशिवाय ९० दिवस राहता येतं. प्रवासाचा वैध कागद हवा आणि लसीकरणाचा दाखला हवा, बस्स. युरोपात शेंगेन करारावर सह्या झाल्या १९८५ साली. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आपण युरोपला सुसंस्कृत म्हणतो, ती पश्चिम आफ्रिकेनं सहा वर्षं आधी कागदावर आणली होती.

तेव्हा हद्दीवरच्या त्या खिडकीसमोर आम्हा सात जणांपैकी हक्कानं उभा असलेला माणूस एकच होता, आमचा घानाचा सहकारी. आम्ही सहा जण व्हिसा मागून आलेले परके. प्रत्यक्षात काय झालं? आम्ही गाठलेल्या एजंटानं पासपोर्टांत नोटा घातल्या, मागच्या दारानं आत गेला आणि चाळीस मिनिटांत शिक्के मारून बाहेर आला. सहकाऱ्याचे कागद पूर्ण होते, पिवळं कार्ड होतं, तरी त्याला पैसे मागितले. पावतीचा प्रश्नच नव्हता. तो म्हणाला, मी देणार नाही, आणि रांगेत जाऊन उभा राहिला. अर्ध्या तासानं आम्ही कंटाळलो आणि त्याच्या वतीनं, त्याला न विचारता, पैसे देऊन टाकले. त्याला हाक मारली, ‘चल, झालं तुझं.’ हे कुठल्या हद्दीवर घडलं ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की वाचणारा त्या खिडकीवर बोट ठेवेल, आणि मला बोट आमच्यावर ठेवायचं आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही वीदाला होतो. इथून लाखो माणसं गुलाम म्हणून जहाजांत भरली गेली. समुद्रकाठी त्यांच्या आठवणीत ‘परत न येण्याचं दार’ नावाची कमान उभी आहे. तिच्यापाशी आम्ही सगळे गप्प झालो, एकीचे डोळे भरून आले, ते खरंच होतं. परतताना सहकारी मला म्हणाला, ‘तुम्ही वर्षातून एकदा जाता. माझी मावशी आठवड्यातून दोनदा जाते.’ त्याचं घर केटाच्या बाजूचं, मावशी लोमेत दिलेली. ते एवे लोक, हद्दीच्या दोन्ही बाजूंना राहणारे. एवढंच बोलून तो थांबला. दोनशे वर्षांपूर्वीच्या रांगेसाठी डोळे पुसणारे आम्ही काल जिवंत माणसांची रांग मोडून पुढे गेलो होतो आणि त्यावर हसलो होतो.

आमच्या धंद्यात रांगेचा हिशेब रोजचा असतो. एखादं काम पुढे घेतलं म्हणून यंत्राची ताकद वाढत नाही. वाचलेला वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर पडतो. हद्दीवर तर त्याहून वाईट होतं. रांग हळू चालल्यामुळे खिडकीमागच्या माणसाला पैसे मिळत असतील, तर ती भरभर चालवण्याचं त्याला कारणच उरत नाही. आपण देतो ती नोट वेग विकत घेत नाही, ती दिरंगाई टिकवून ठेवण्याचे पैसे भरते. आणि दर? सुट्टीवर निघालेला पगारदार घासाघीस करत नाही, मागेल ते देऊन मोकळा होतो. टोमॅटोची टोपली घेऊन उभ्या असलेल्या बाईला मग त्याच सवयीच्या हातापुढे उभं राहावं लागतं. तिला पैसे नाही दिले तर माल उन्हात नासतो, दिले तर नफा जातो.

यावर ग्रुपमधून जी उत्तरं आली ती एकेक घेतो.

पहिलं, ‘त्या बिचाऱ्यांना पगार कमी असतो.’ असेल. पण आम्ही दानधर्म करायला गेलो नव्हतो. दान करणारा बदल्यात रांगेतला पुढचा नंबर मागत नाही.

दुसरं, ‘या हद्दीच मुळात गोऱ्यांनी आखल्या.’ खरं आहे. १८८४-८५ची बर्लिन परिषद आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. टोगो जर्मनांकडे गेला, पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश आणि फ्रेंचांनी तो वाटून घेतला, १९५६च्या सार्वमतानंतर ब्रिटिशांकडचा भाग गोल्ड कोस्टला जोडला गेला आणि १९५७ साली घानाबरोबर स्वतंत्र झाला. फ्रेंचांकडचा भाग १९६० साली टोगो म्हणून स्वतंत्र झाला. एवे लोक दोन्हींकडे विभागले गेले. पण पासपोर्टात नोट बिस्मार्कनं घातली नव्हती. हद्द वसाहतवाल्यांची, ती सैल करणारा १९७९चा करार आफ्रिकी देशांचा स्वतःचा, आणि त्या कराराला खिडकीवर पायदळी तुडवण्यात वाटा आमचा. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पहिली सांगून तिसरी लपत नाही.

तिसरं, आणि सगळ्यांत लाडकं, ‘आफ्रिकेत असंच चालतं.’ आपण शेंगेनच्या व्हिसासाठी बँकेची स्टेटमेंटं घेऊन तासन्‌तास निमूट बसतो. फ्रँकफर्टच्या खिडकीवर पासपोर्टात युरो घालून पाहण्याची कुणाची छाती आहे? म्हणजे आपल्याला रांगेत उभं राहता येतं. कुठे उभं राहायचं आणि कुठे नाही, हे आपण माणसांचा रंग आणि देशाचं वजन बघून ठरवतो. मराठीत हल्ली आफ्रिकेची प्रवासवर्णनं बरीच येतात, आणि नाक्यावरचा लाचेचा किस्सा त्यात फोडणीसारखा हमखास असतो. त्या किश्शात लाच देणारा नेहमी चतुर असतो. घेणारा हास्यास्पद. रांगेतली माणसं तर त्यात नसतातच.

माझ्या आजीचं माहेर पेडण्याचं, सासर बांद्याचं. आज मधे काही नाही, पण १९६१पर्यंत मधे पोर्तुगिजांची हद्द होती, आणि १९५५च्या सत्याग्रहानंतर तर येणं-जाणं आणखी अवघड झालं. भावाच्या लग्नाला जाताना नाक्यावर पदराच्या गाठीतलं काय काय सोडावं लागलं, हे आजी सांगायची. तिनं ते कधी गंमत म्हणून सांगितलं नाही. दोन पिढ्यांत आपण नाक्याच्या कुठल्या बाजूला उभे होतो तेच विसरलो.

आणि हे फक्त मावशीपुरतं नाही. २०२५च्या जानेवारीत माली, बुर्किना फासो आणि नायजर इकोवासमधून बाहेर पडले. त्यामागे लष्करी राजवटींचं राजकारण आहे, आमची व्हॅन नाही. पण अशा काळात मुक्त संचाराचा हक्क टिकायचा तर सामान्य माणसाला तो खिडकीवर अनुभवाला यावा लागतो. जो हक्क दर वेळी पैसे मोजून घ्यावा लागतो, तो उद्या गेला तरी त्याच्यासाठी कोण रडणार?

परतीच्या वाटेवर मी सहकाऱ्याबरोबर रांगेत उभा राहिलो. बाकीचे व्हॅनमध्ये एसी लावून वैतागत बसले. आम्हाला दोन तास पन्नास मिनिटं लागली. दोनदा पैसे मागितले, दोनदा आम्ही पावती मागितली, शेवटी खिडकीमागच्या माणसानं कंटाळून शिक्के मारले. यात शौर्य काही नाही. आमचे कांदे नासत नव्हते, म्हणून आम्हाला थांबणं परवडलं. आमच्या पुढची बाई मात्र देऊन गेली. आमच्या उभं राहण्यानं तिचा दर उतरला नाही. निदान त्या दिवशी आम्ही तो चढवला नाही.

पुढच्या डिसेंबरचे बेत ग्रुपवर आत्ताच सुरू झाले आहेत. माझी मागणी साधी आहे. गाडीचं ब्राऊन कार्ड, पिवळं कार्ड, व्हिसा, सगळे कागद आधी पुरे करा. एजंट नको. प्रत्येक हद्दीसाठी तीन तास धरा. त्यापायी गानव्येची होडी चुकली तर चुकू द्या. आणि बरोबर त्या देशांतला कुणी असेल, तर त्याचे पैसे परस्पर भरून त्याच्यावर उपकार करू नका. रांगेत त्याच्या मागे उभे राहा.