वेल्डिंगच्या कांड्या आणि जकातीचे आकडे

जकातीचा प्रश्न मुंबईच्या मोठ्या पेढ्यांचा, वणीसारख्या पेठेस त्याच्याशी काय कर्तव्य, असा एक समज आमच्या व्यापारी बंधूंत रूढ आहे. द्राक्षांच्या मांडवाचे अँगल जोडणाऱ्या कारागिरास कांडी हवी असते, तिचा आकडा नव्हे, हे खरे. परंतु ती विकणाऱ्या नोंदणीकृत दुकानदाराची गोष्ट निराळी. १ एप्रिल २०२१ पासून व्यापाऱ्याने व्यापाऱ्यास दिलेल्या बिलावर, उलाढाल ५ कोटींच्या आत असली तरी, मालाच्या वर्गाचे चार अंक लिहावे लागतात. त्यापुढे सहा, आणि परदेशांतून माल आणणारास आठ. अंकांची मांडणी मुळात एकच असल्यामुळे बंदरावर झालेली चूक वणीच्या वहीपर्यंत उतरते.

आता ह्या वर्गवारीचा मासला पाहा. फ्लक्सचा लेप असलेली विजेच्या जोडकामाची कांडी ८३११ ह्या शीर्षकात पडते. पोटात फ्लक्स भरलेली तारही तेथेच. नुसता फ्लक्स पिशवीतून आला की तो रसायन ठरून ३८१० मध्ये जातो. विजेचे यंत्र ८५१५ मध्ये. इथवर सामान्य बुद्धी पुरते. खरी मेख आहे ती तांब्याचा मुलामा दिलेल्या भरीव तारेत. फ्लक्स नसल्यामुळे तिला ८३११ चे दार बंद. रंगावरून तांब्याची म्हणावी, तर आत पोलाद. साध्या पोलादाची म्हणून ७२१७ लिहावे, तर ७२ व्या प्रकरणाची टीप आड येते: सिलिकॉन शेकडा ०.६ वा अधिक असले की पोलाद मिश्र ठरते, आणि ‘ईआर ७० एस-६’ ह्या प्रचलित तारेत ते ०.८० ते १.१५ असते. सबब तिची जागा ७२२९ मध्ये, सिलिको-मँगॅनीज पोलादाच्या तारेत. हे डोळ्यांस दिसत नाही. कारखान्याच्या रासायनिक दाखल्यावरच दिसते.

२०११ पासून ही निवड करण्याचा पहिला भार कायद्याने आयातदारावरच टाकला आहे. जकात कमी पडली तर दोन वर्षांत मागणी येऊ शकते. लबाडी वा लपवाछपवी ठरली तर पाच वर्षांपर्यंत, शिवाय जकातीइतका दंड. लबाडास शिक्षा व्हावी ह्याबद्दल आमचा वाद नाही. पण १८९४ साली मँचेस्टरच्या हितासाठी वीस नंबरावरील देशी सुतावर शेकडा ५ कर बसला, तेव्हा सुताचा नंबर निदान गिरणीत मोजता येत होता. सिलिकॉनचे दशांश आजच्या दुकानदाराने कोणत्या तराजूत तोलावे?

माल मागविण्यापूर्वी वर्गवारी विचारण्यास मुंबईत २०२१ पासून आगाऊ निर्णयाचे प्राधिकरण आहे. त्याचा निर्णय खात्यासही बांधतो, मात्र त्या अर्जदारापुरताच. शेजारच्या दुकानदाराने तोच माल आणला तर त्याला पुन्हा पहिल्यापासून आरंभ! असे निर्णय नित्याच्या मालाच्या कोष्टकासह सुबोध मराठीत खात्याने प्रसिद्ध करावेत, ही आमची मागणी आहे. तोवर व्यापाऱ्यांनी ‘मागच्या बिलावर होता तोच आकडा’ ही वहिवाट सोडून, हुंडी देण्यापूर्वी रासायनिक दाखला मागून घ्यावा.