फसवून जमवलेले सबस्क्रायबर

लाडकी बहीण योजनेच्या हप्त्याची वेळ जवळ आली की यूट्यूबवर एकाच साच्यातले व्हिडिओ झळकू लागतात. थंबनेलवर मुख्यमंत्र्यांचा फोटो, नोटांची बंडलं, लाल बाण आणि ठळक अक्षरांत ‘आत्ताच खात्यात जमा’. आत पाच-सात मिनिटांचं पाल्हाळ, मध्येच ‘सबस्क्राईब केलं नाहीत तर पुढची यादी चुकेल’ अशी भीती आणि शेवटी कळतं, की निर्णय अजून व्हायचाच आहे. हप्ता आणि सबस्क्रिप्शन यांचा काडीचाही संबंध नाही. तरीही दीड हजार रुपयांवर महिन्याचा हिशेब बसवणारी बाई बटण दाबते, कारण धोका पत्करणं तिला परवडत नाही. ही सरळसरळ गरजवंताची फसवणूक आहे. तिच्यातून होणारा फायदा काढून घेतल्याशिवाय ती थांबणार नाही.

सबस्क्रायबरांच्या आकड्याला मोल आहे, म्हणून तो असा लुबाडला जातो. २०१८ पासून जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा हवा असेल, तर चॅनेलला १,००० सबस्क्रायबर आणि साधारणपणे वर्षभरात ४,००० तासांचं प्रेक्षण लागतं. मोठ्या व्हिडिओंवरच्या जाहिरातींचे ५५ टक्के निर्मात्याला मिळतात, उरलेले यूट्यूबकडे राहतात. शिवाय मोठा आकडा पाहून नवा प्रेक्षक विश्वास ठेवतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) तथ्य-तपासणी विभागाने उघडे पाडलेल्या तीन चॅनेलांकडे मिळून सुमारे ३३ लाख सबस्क्रायबर होते आणि त्यांचे व्हिडिओ ३० कोटींहून अधिक वेळा पाहिले गेले होते. सर्वोच्च न्यायालय, मतदान यंत्रं, सरकारी योजना यांविषयी धादांत खोटं सांगताना ही चॅनेलं थंबनेलवर वृत्तवाहिन्यांची बोधचिन्हं आणि निवेदकांचे चेहरे वापरत होती.

वृत्तपत्रांचे मथळेही भडक असतात, असं यावर म्हटलं जातं. असतात, पण भडक मथळ्याखाली बातमी असते, इथे बातमीच नसते. आवडलं नाही तर अनसबस्क्राईब करा, हा सल्लाही तोकडा आहे. खोटं कळेपर्यंत वेळ गेलेला असतो, जाहिरात दाखवून झालेली असते आणि आकडा वाढलेला असतो. नियंत्रणाच्या नावाखाली सरकार टीकाकारांची तोंडं बंद करील, ही शंका मात्र रास्त आहे. म्हणूनच मतं तपासण्याचा अधिकार कुणालाही देऊ नये. कसोटी एवढीच असावी: थंबनेलवर जे सांगितलं, ते व्हिडिओत आहे की नाही?

ही कसोटी यूट्यूबला मान्य आहे. अशा फसव्या शीर्षकांवर भारतात कारवाई करण्याची घोषणा कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये केली. पण सुरुवातीला चॅनेलला स्ट्राईक, म्हणजे दंडाची नोंद, न देता फक्त व्हिडिओ काढण्याचं ठरवलं. व्हिडिओ गेला तरी त्याच्या जोरावर जमलेले सबस्क्रायबर चॅनेलकडेच राहतात. मग चोरी पचली असंच म्हणावं लागेल. फसव्या व्हिडिओतून आलेले सबस्क्रायबर वजा व्हावेत, त्याचं उत्पन्न रोखलं जावं आणि त्यात यूट्यूबचा वाटाही धरावा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ‘आत्ताच घ्या, नाहीतर संधी जाईल’ अशी खोटी घाई दाखवण्यास मनाई केली. त्या नियमांचा रोख मुख्यतः खरेदी-विक्रीवर आहे. सबस्क्राईबच्या बटणालाही तोच न्याय लावायला हवा. प्रामाणिक माहिती देणाऱ्या छोट्या मराठी चॅनेलांना त्याशिवाय बरोबरीने उभं राहता येणार नाही.