कडकनाथाचे जामीनदार

आमच्या बँकेत कर्ज मागायला आलेल्या माणसाची आम्ही जेवढी चौकशी करतो, तेवढी लोक मुलगी देतानाही करीत नाहीत. धडगावच्या डोंगरातून पहाटेच्या एस.टी.ने आलेला माणूस दोन शेळ्यांसाठी कर्ज मागतो. आम्ही त्याच्याकडे सातबारा मागतो, आधार मागतो, फोटो मागतो, दोन जामीनदार मागतो आणि सगळे आणून दिले की "पुढच्या सोमवारी या," म्हणतो. गेली वीस वर्षे मी हे काम इमानेइतबारे करीत आलो आहे. माणसावर विश्वास ठेवू नये, कागदावर ठेवावा, हे बी.कॉम.ला शिकलो आणि बँकेने ते माझ्याकडून घोटून घेतले.

असा मी एका रविवारी, ज्याचे नाव-गाव मला आजही ठाऊक नाही अशा इसमाकडून, कडकनाथ कोंबडीची पंचवीस पिल्ले घेऊन घरी आलो. जामीनदार एकच. आमचे मेव्हणे.

"दाजी, कोंबडी नाही ही, फिक्स डिपॉझिट आहे!" मेव्हणे म्हणाले. मला कोंबडीतले काही कळत नाही, पण फिक्स डिपॉझिट म्हटले की माझे हात आपोआप पुढे होतात.

ज्यांना कडकनाथ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआकडचा, भिल्लांच्या अंगणातला पक्षी. तिकडे त्याला 'काली मासी' म्हणतात. तुरा काळा, जीभ काळी, पाय काळे, मांस काळे, हाडेसुद्धा काळी. आमच्या नर्मदेपलीकडच्या या शेजाऱ्यावरून मध्य प्रदेश आणि छत्तीसगड भांडले आणि 2018 साली भौगोलिक मानांकन झाबुआला मिळाले. पुढे क्रिकेटपटू धोनीनेही आपल्या रांचीच्या फार्मसाठी झाबुआकडून दोन हजार पिल्ले नेली. म्हणजे पक्ष्यात खोट काही नाही. खोट असते ती टेंपोत.

आमची पिल्ले अशाच एका टेंपोतून आली. विक्रेत्याने एक रंगीत पत्रक दिले. त्यावर काळ्या कोंबडीशेजारी काळे कुळकुळीत अंडे! कडकनाथचे अंडे काळे नसते, फिकट तपकिरी, दुधाळ असते, हे मला आता कळले आहे. त्या वेळी मात्र मी भारावून जाऊन तीन हजार रुपये मोजले आणि पावती मागितली.

"पावती काय करायची साहेब? विश्वासाचा व्यवहार आहे," तो म्हणाला.

आणि मी, जो शिपायाकडून चहाच्या पैशांचाही हिशेब घेतो, तो चक्क ओशाळलो!

पहिल्या आठवड्यात नऊ पिल्ले गेली. उरलेली सोळा आम्ही बल्बच्या उबेखाली वाढवली. विजेचे बिल पाहून सौ. म्हणाली, "एवढ्या लाडात आपली मुलंसुद्धा वाढली नाहीत." दोन महिने झाले आणि एका सकाळी ती ओसरीवरून ओरडली, "अहो, इकडे या! तुमच्या कडकनाथांनी कुंकू लावलंय!" पाहतो तर सहा-सात जणांच्या डोक्यावर लालभडक तुरे. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण मी लहानपणापासून ऐकतो आहे. ते तांबडे खुद्द कोंबड्याच्याच डोक्यावर फुटेल, अशी कल्पना नव्हती. पुढे एकाला पांढरी पिसे आली. मेव्हण्यांनी फोनवर निदान केले, "दाजी, तुमच्याकडचं पाणी जड आहे."

इथवर हसण्यासारखे आहे. माझे तीन हजार गेले, शेजाऱ्यांची करमणूक झाली. पण आमच्या शाखेतल्या शिपायाने, निवृत्तीला दोन वर्षे राहिली असताना, प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून त्याच टेंपोवाल्याकडून दोनशे पिल्ले घेतली. शेड बांधली, जाळी लावली. पंधरा दिवसांत शेड रिकामी झाली. मी विचारले, "अहो, आधी चौकशी नाही का करायची?" तो खाली बघत म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही घेतली होती ना. म्हटलं, तुम्ही बघूनच घेतली असणार."

त्या दिवशी मला कळले की जामीनदार होण्यासाठी सही करावी लागत नाही.

आपण सुशिक्षित माणसे म्हणतो, "गरीब बिचारे फसतात, अज्ञान आहे!" साफ खोटे. फसवणुकीला खरी पत देतो तो आपण. 2012 साली तमिळनाडूत ईमूच्या योजना बुडाल्या. 2019 साली आपल्याच इस्लामपूरकडचे कडकनाथ प्रकरण उघडकीस आले. पिल्ले आम्ही देऊ, खाद्य आम्ही देऊ, अंडी आम्हीच विकत घेऊ, असा तो करार होता. हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले आणि संतापाच्या भरात मुख्यमंत्र्यांच्या यात्रेच्या ताफ्यापुढे कडकनाथ कोंबड्या फेकल्या गेल्या. जो माणूस पिल्लू विकतो आणि त्याचे अंडे दामदुपटीने परत घेण्याची हमी देतो, त्याचा धंदा कोंबडीचा नसतो, हे ओळखायला बी.कॉम. लागत नाही. उलट, बी.कॉम. असलेलेच तेवढे ओळखत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

शिवाय आम्ही नंदुरबार जिल्ह्यातले. देशातला पहिला बर्ड फ्लू 2006 च्या फेब्रुवारीत आमच्या नवापूरला निघाला. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, आणि त्यात घरामागच्या निरोगी दिसणाऱ्या कोंबड्याही गेल्या. 2021 च्या फेब्रुवारीत तेच पुन्हा झाले. तेव्हा पिल्लू कुठून आले हा माझ्या एकट्याच्या हौसेचा प्रश्न नाही. कुठलाही रोग खोक्यात बसून येतो आणि उतरल्यावर शेजारणीच्या खुराड्यात जातो.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस दात बघतो, टापा उचलतो, अंगावरचे भोवरे मोजतो. पिल्लाला दात नसतात. म्हणून पिल्लू बघूच नये, पिल्लू देणारा बघावा. काळ्या रंगावर तर मुळीच जाऊ नये, कारण संकराच्या पिल्लातही तो उतरतो. देणाऱ्याच्या दारात जावे आणि म्हणावे, "आईबाप दाखवा." खरा माणूस कळप दाखवतो. मरेकची लस पहिल्याच दिवशी टोचायची असते, म्हणजे ती त्यानेच द्यायला हवी. तिची नोंद मागावी. किती पिल्ले मरतात ते विचारावे. "एकही नाही," म्हणाला तर नमस्कार करून उठावे. अंडी किती, हेही विचारावे. "वर्षाला ऐंशी-शंभर, आणि ही कोंबडी खुडूक बसायला फारशी राजी नसते," असे आपल्याच मालाचे उणे जो सांगतो, तो घरचा माणूस समजावा. आणि त्याने उलट आपल्यालाच विचारले की जागा आहे का, उबेची सोय आहे का, आणि नसेल तर "आत्ता नेऊ नका," म्हणाला, तर त्याचे पाय धरावेत. टेंपोवाल्याने मला एकच प्रश्न विचारला होता, "सुटे आहेत का?"

हे शहाणपण मला कोणी दिले? परवा आमच्याच काउंटरवर मिळाले. तोच धडगावचा शेळ्यांवाला. सवयीने मी दरडावले, "शेळ्या कोणाकडून घेणार?"

"आमच्या पाड्यातल्याच हायेत, साहेब. त्यांची माय मी तीन वरीस बघतो. दरसाल जुळी देते. माय मेली असती तर घेतल्या नसत्या."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. मग फाइल उचलली आणि तशीच मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"सोमवारी येऊ का?" त्याने मागून विचारले.

"नको," मी म्हणालो, "बसा. चहा घ्या."

चहा घेऊन शिपाई आला. त्याने पैसे मागितले नाहीत आणि हिशेब मागायची मलाही हिंमत झाली नाही.