सौम्य चिरूट

परदेशीं नोकरीस असलेल्या मुलांच्या घरांतून हल्लीं एक प्रश्न वारंवार ऐकूं येतो. वरिष्ठांकडे मेजवानी होते, जेवणानंतर चिरुटांची पेटी फिरते. अशा वेळीं मुलानें काय करावें? आणि घ्यावयाचाच झाला, तर नवशिक्यास सोसेल असा सौम्य चिरूट ओळखावा कसा? तंबाखूचें नांव निघतांच पुष्कळ घरांत वडीलधारीं मंडळी विषय बदलतात व मुलगा जें शिकावयाचें तें बाहेर शिकतो. झांकून ठेवलेल्या गोष्टीपेक्षां समजून घेतलेली गोष्ट बरी, अशा मताचे आम्ही असल्यामुळें हा विषय येथें घेत आहों.

हा पदार्थ दक्षिणेस परका नाहीं. पोर्तुगीजांबरोबर आलेली तंबाखू उत्तरेच्या बादशाही दरबारीं गेली ती विजापुराहून. असदबेग नांवाच्या सरदारानें १६०५ च्या सुमारास ती अकबरापुढें ठेविली. बादशहानें दोन-तीन झुरके घेतले तोंच राजवैद्य चिंतातुर झाला व त्यानें पुढें ओढूं दिलें नाहीं, असें असदबेगानेंच लिहून ठेविलें आहे. अकबराचा पुत्र जहांगीर यानें १६१७ सालीं तंबाखूस बंदी केली, परंतु ती टिकली नाहीं. 'चिरूट' हा शब्दही आपल्या शेजारचाच आहे. तमिळ भाषेंतील 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी, त्यावरून तो निघाला. त्रिचनापल्लीचे चिरूट तर एके काळीं इतके प्रसिद्ध होते कीं, १८८७ सालच्या शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कथेंत त्यांच्या राखेवरून गुन्हेगाराचा माग लागतो.

आतां चिरुटाची घडण पाहूं. त्याचे तीन भाग असतात. आंत पोटांत घातलेलीं पानें, तीं आंवळून धरणारें बांधणीचें पान आणि सर्वांवर गुळगुळीत वेष्टनाचें पान. वरच्या रंगावरून चिरूट सौम्य कीं उग्र हें ठरविणें ही नवशिक्याची नेहमींची चूक होय. काळसर वेष्टनाचा चिरूट कित्येकदां चवीस गोडसर व बेताचा निघतो, आणि फिकट वेष्टनाच्या पोटांत जहाल पानें असूं शकतात. खरा कस झाडावरील पानाच्या जागेवर असतो. शेंड्याकडील पानांना ऊन अधिक मिळतें, म्हणून तीं जाड व जहाल होतात. मधलीं पानें सुवासाचीं. तळाचीं पानें सौम्य व चांगलीं जळणारीं. शेंड्याचीं पानें ज्यांत थोडीं, तो चिरूट सौम्य.

तरीपण कांहीं खुणा उपयोगीं पडतात. अमेरिकेंतील कनेटिकट नदीच्या खोऱ्यांत १९०० च्या सुमारास पातळ कापडाच्या मांडवाखालीं तंबाखू लावूं लागले. सुमात्रा बेटांतून येणाऱ्या पातळ पानाशीं स्पर्धा करावी, हा त्यांतील हेतु. सावलींत वाढलेलें हें फिकट, तलम पान ज्यांवर असतें, ते चिरूट बहुधा सौम्य बांधणीचे असतात. डोमिनिकन रिपब्लिकमध्यें असे पुष्कळ होतात. निकाराग्वाचे बहुधा उग्र. हवानाच्या चिरुटांत होयो दे मोंतेरे हा सौम्यांत मोडतो, तर बोलिवार व पार्तागास हे जहाल. चिरुटाची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत सांगतात. ४२ हा आंकडा म्हणजे ४२/६४ इंच. सुमारें पांच इंच लांब व ४२ जाडीचा चिरूट नवशिक्यास पुरे. फार बारीक चिरुटाचा धूर तोंडास चटका देतो, आणि फार मोठा तासभर संपत नाहीं.

ओढण्याचेही नियम आहेत. रिकाम्या पोटीं ओढूं नये. धूर छातींत घेऊं नये. मिनिटांतून एकाहून अधिक झुरका घेऊं नये. घाम फुटला, मळमळलें किंवा भोंवळ आली, तर चिरूट खालीं ठेवून उघड्या हवेंत बसावें; अर्धा चिरूट टाकून देण्यांत कोणताही अपमान नाहीं.

इतकें सांगून झाल्यावर मुख्य गोष्ट सांगितलीच पाहिजे. 'सौम्य' हा शब्द जिभेपुरता आहे, शरीरापुरता नाहीं. चिरुटाचा धूर विडी-सिगारेटच्या धुराहून अधिक क्षारधर्मी असतो. त्यामुळें छातींत न घेतांही त्यांतील निकोटीन तोंडाच्या त्वचेंतून रक्तांत उतरतें. एका मोठ्या चिरुटांत सिगारेटच्या एका संबंध पाकिटाइतकी तंबाखू असूं शकते. तोंड, अन्ननलिका, स्वरयंत्र व फुप्फुस यांच्या कर्करोगाचें तें कारण आहे, असें अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनें १९९८ सालीं सविस्तर मांडलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ सालच्या तंबाखूविषयक करारानें तर वेष्टनावरील 'सौम्य' हा शब्दच दिशाभूल करणाऱ्या शब्दांत गणला. भारतानें २००४ सालीं त्या करारास मान्यता दिली. ज्यास चव सोसते तो पुन्हां ओढतो. म्हणून सौम्य चिरूट हाच संवय लावण्यास अधिक समर्थ, असें आम्हांस वाटतें.

तेव्हां मुलानें काय करावें? पेटी पुढें आली असतां हात जोडून किंवा हंसून "मी ओढत नाहीं" म्हणावें व गप्पांत बसून राहावें. ज्या मेजवानींत एवढ्या उत्तरानें माणसाची किंमत कमी होते, तेथील मान मिळवून लाभ तो कोणता? यजमानाचें मन राखण्यासाठीं एखाद्यानें एकदां ओढलाच, तर वरील नियम पाळावे आणि त्याचा प्रघात पडूं देऊं नये. आपल्या घरांत मात्र सूट नको. एकत्र कुटुंबांत एकाच्या तोंडचा धूर पाळण्यांतल्या मुलापासून आजीपर्यंत सर्वांच्या छातींत जातो, आणि त्या धुरास सौम्य कीं जहाल हा भेद ठाऊक नसतो.

वडिलांनींही एक करावें. मुलानें हें विचारलें तर रागावूं नये. विचारून ओढणारा मुलगा सांगितल्यावर थांबण्याचा संभव असतो. विचारण्याची चोरी झालेला मुलगा कोणाच्या सांगण्यावरून थांबणार?