सातच्या आत नकाशा

मुंबईत देवनार डेपोजवळ माझा एक मित्र फोनवर बायकोला रस्ता सांगत होता. ती पांजरापोळला उतरून भलत्याच बाजूला चालू लागली होती. फोन ठेवून त्याने निकाल दिला, "बायकांना जन्मजातच दिशा कळत नाही. शास्त्रानेही सिद्ध केलंय." मला त्यातल्या 'शास्त्रानेही'ची गंमत वाटली.

त्याचं खरं तेवढं आधी मान्य करतो. ठोकळ्यांची आकृती मनातल्या मनात फिरवून दुसरीशी जुळवायची, ही पद्धत शेपर्ड आणि मेट्झलर यांनी 1971 मध्ये आणली. तिच्यावर बेतलेल्या चाचण्यांत पुरुषांची सरासरी वर असते, पुन्हापुन्हा. पण ठोकळा फिरवणं म्हणजे गोवंडी स्टेशनातून बाहेर पडून घर गाठणं नव्हे. सिल्व्हरमन आणि ईल्स यांनी 1992 मध्ये कुठली वस्तू कुठे होती हे आठवायला लावलं, तेव्हा बायका पुढे निघाल्या. ही चाचणी मित्राच्या कानावर आलेली नव्हती. टिंगलीला पहिली पुरते.

आता 'जन्मजात' या शब्दाकडे वळू. ईशान्येतल्या कार्बी समाजात वारसा मुलांकडे जातो, शेजारच्या खासींमध्ये धाकट्या मुलीकडे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्हींकडच्या लोकांना चार तुकड्यांचं चित्र जुळवायला दिलं. कार्बी बायकांना पुरुषांपेक्षा 36 टक्के जास्त वेळ लागला. खासींमध्ये हा फरक उरलाच नाही. कोणी म्हणेल, दोन समाजांत इतरही फरक असतील, शिवाय हे रस्ता शोधणं नव्हेच. बरोबर. म्हणून रस्ता शोधण्याचंच घ्या. 'सी हिरो क्वेस्ट' या मोबाइल खेळातून जगभरच्या लाखो लोकांची माहिती गोळा झाली. 2018 च्या निष्कर्षांत पुरुषांची आघाडी दिसली खरी, पण स्त्री-पुरुष विषमता जास्त असलेल्या देशांत ती मोठी होती आणि समतेच्या देशांत लहान. गुणसूत्रं काही सरहद्दीवर बदलत नाहीत.

लंडनच्या टॅक्सीचालकांचा मेंदूही या वादात नेहमी येतो. 2000 साली संशोधक मॅग्वायर यांनी तपासलेले चालक पुरुषच होते. पण त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढलेला दिसला, तो टॅक्सी चालवलेल्या वर्षांच्या हिशेबात. म्हणजे नकाशा पायाखालच्या, फार तर चाकाखालच्या, रस्त्यातून घडतो.

आमच्याकडे हा रस्ता वाटला कसा जातो? देवनारच्याच टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकवणाऱ्या शिल्पा फडके यांनी समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्यासोबत 2011 मध्ये 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक लिहिलं. मुंबईतल्या बाईला रस्त्यावर असण्यासाठी काहीतरी कारण दाखवावं लागतं, हे त्यांचं निरीक्षण. क्लास, भाजी, नोकरी. कारण संपलं की घर. 'सातच्या आत घरात' या नियमात वाढलेल्या मुलीचा नकाशा क्लासच्या दारापाशीच थांबला, तर दोष तिच्या मेंदूचा?

जिथे कारण पोटाचं असतं, तिथे मात्र नकाशा बिनबोभाट तयार होतो. देवनारचं डम्पिंग ग्राउंड 1927 पासूनचं, सुमारे 132 हेक्टरांवर पसरलेलं, खाडीच्या काठी. रोज कचऱ्याच्या गाड्या खाली होतात आणि डोंगराचा आकार बदलतो. तिथे दुकानाची पाटी नाही, चौकाचं नाव नाही. कचरा वेचून पोट भरणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने. पाठीवर ओझं घेऊन त्या शिवाजीनगरला, बैंगनवाडीला परततात. त्यांची चाचणी कोण घेणार?

आणि दिशा आम्हाला शिकवली कुणी? उगवतीचं शेत, मावळतीचा बांध आणि 'दक्षिणेकडे पाय करून झोपू नको रे' हे सांगणारी माझी आजीच होती. शाळेतला नकाशा फार नंतर आला.

मित्राला एवढंच विचारलं, "मुलाला सायकल कितव्या वर्षी दिलीस?"

"दहाव्या."

"मुलीला?"

"तिला शाळेची बस होती ना."