आखाजी आणि मुलाखत
आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ही खानदेशातल्या लेकींची हक्काची सुट्टी. निंबाला झोका, चुलीवर खापर, घरात पितरांची घागर. २०२५ साली ती ३० एप्रिलला आली आणि नेमकं त्याच दिवशी भाचीला पुण्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं. असोद्याच्या घरात दोन तट पडले. आजी म्हणाली, ‘नोकऱ्या काय, पुन्हा येतील.’ मी म्हणालो, ‘आखाजीही दरसाल येते.’ भाचीने पुरणाने माखलेला हात पुसला आणि तीन ओळींची मेल टाकली: घरी सण आहे, उद्या महाराष्ट्र दिन, शुक्रवारी जमेल का? तासाभरात उत्तर आलं, ‘चालेल.’ कवयित्री बहिणाबाई चौधरी १८८० साली याच गावात जन्मल्या. सासर शेजारीच, जळगावात. पण तेव्हाच्या लेकीला न्यायला माहेरचा मुराळी आल्याशिवाय आणि सासूने मान हलवल्याशिवाय माहेरची वाट धरता येत नसे. आता परवानगी देणारे बदलले, विचारण्याची धास्ती मात्र तीच राहिली. खरं तर कारण सांगून, दुसरा दिवस सुचवून तारीख मागणं हा उद्धटपणा नव्हे. गुरुवारी रात्री भाची गाडीत बसली तेव्हा फायलीशेजारी सांजोऱ्यांचा डबा होता, आणि तो आजीनेच भरला होता.